नाव विचारायचं नाही

"आजी, नाव काय तुमचं?" सांगलीच्या डॉक्टरांनी विचारलं, आणि माझ्या सासूबाई भिंतीकडे बघत बसल्या.

डॉक्टर तरुण होते, गोड बोलायचे. आजी बहिऱ्या असतील असं समजून त्यांनी पुन्हा जरा मोठ्यानं विचारलं. आत्याबाईंना (आमच्या भागात सासूला आत्याबाई म्हणतात) चांगलं ऐकू येत होतं. पलीकडच्या आळीत कोण कुणाला काय म्हणालं ते त्यांना नव्वदीनंतरही कळायचं. त्यांनी डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीकडे एकदा पाहिलं, पदर पुढे ओढला आणि ओठ घट्ट मिटले. मग डॉक्टरांनी गाव विचारलं. मग वार. शेवटी माझ्या यजमानांकडे बोट दाखवून, "हे कोण आहेत?" कशालाच उत्तर नाही.

"विस्मरण आहे," डॉक्टर आम्हाला म्हणाले. "या वयात होतं. रोज सकाळी बोलत चला त्यांच्याशी. नाव, गाव, घरातली माणसं, विचारत चला. मेंदूला व्यायाम हवा."

मी जन्मभर शाळेत मुलांना प्रश्न विचारूनच पोट भरलं, त्यामुळे मला सल्ला वाईट वाटला नाही. यजमानांना तर फारच पटला. ते फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. कुठलंही काम रोज सकाळी ठरल्या वेळी करायचं म्हटलं की ते काम चांगलंच असणार, अशी त्यांची पक्की समजूत आहे.

गाडी कृष्णेच्या पुलावर आली तेव्हा ते म्हणाले, "मला एकदा नावानं हाक मारली ना तिनं, बास. दुसरं काय बी नगं."

हे एवढंसं मागणं किती मोठं होतं ते मला ठाऊक होतं. मी नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. गाव त्यांना सुभेदार म्हणतं, मुलं बाबा म्हणतात, भाऊबंदांतले थोरले एकेक करून गेले. त्यांना नावानं, तेही अर्धं तोडलेल्या लाडाच्या नावानं, हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते मागच्या सीटवर खिडकीबाहेरचा ऊस बघत बसलं होतं.

मीही इथे कुणाचं नाव लिहिणार नाही. आमच्या घरातल्या नावांचं काय झालं तेच तर सांगायचं आहे.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, नदीकाठी. मी सांगली शहरातली. लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी येत नव्हती. माझी भाकरी तव्यावर जाईपर्यंत तिचे नकाशे व्हायचे. आत्याबाई हसायच्या नाहीत, पण शेजारणींना बोलावून दाखवायच्या, ते हसण्यापेक्षा वाईट. मग त्यांनीच मला शिकवलं. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं आत वळलेली होती, सरळ व्हायची नाहीत. त्यामुळे त्या भाकरी थापायला बसल्या की आवाजात एक ठोका चुकायचा. मी विचारलं तर म्हणाल्या, "मोडल्यात." कशी, ते सांगितलं नाही.

त्या बेचाळीसच्या चळवळीत होत्या एवढं सगळ्यांना माहीत होतं. भूमिगतांना भाकऱ्या पोचवायच्या, एवढंच यजमानांनाही ठाऊक. ते वर्षातून दोन महिने रजेवर घरी यायचे, तेव्हा आईनं त्यांना जेवायला वाढायचं की इतिहास सांगायचा? सगळी हकीकत मला एकदाच कळली, तीही चुलीपुढं, आणि मान वर न करता सांगितलेली.

तेव्हा त्या नव्या नवरी होत्या, सोळा-सतरा वर्षांच्या. त्यांच्या सासूनं त्यांना एक नियम घालून दिला होता. मळ्यात वस्तीला कोण येतं, त्याचं नाव विचारायचं नाही. आपलं सांगायचं नाही. भाकरी बांधाच्या कडेला ठेवायची आणि मागं वळून न बघता यायचं. आमच्या भागात त्या वर्षांत कितीतरी बायकांनी हेच केलं. पाहुण्याचं नाव-गाव विचारल्याशिवाय ज्यांना पाणी देववत नाही, अशा या बायका. सोयरीक लागते का बघितल्याशिवाय एसटीत शेजारी बसत नाहीत. त्यांनी वर्षानुवर्षं अनोळखी पोरांना जेवू घातलं आणि तोंडातून 'कुणाचा रं तू?' काढलं नाही.

"अवघड गेलं असेल," मी म्हणाले.

"नाव ठाऊक असतं तर मारात निघालं असतं," आत्याबाई म्हणाल्या. "ठाऊकच न्हाई, तर निघंल काय?"

आणि मार बसलाच. एकदा नदीपल्याडच्या वस्तीवर वैरणीच्या भाऱ्यात भाकऱ्या घेऊन निघाल्या असताना पोलिसांनी धरलं. पल्याडच्या गावच्या चावडीत नेलं. तिथे त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. फौजदारानं विचारलं, एवढ्या भाकऱ्या कुणाला? नाव काय? गाव कुठलं? आत्याबाईंनी आपलं नावही सांगितलं नाही. नाव सांगितलं की गाव कळणार, गाव कळलं की मळा. मग निरगुडीचा फोक आणला आणि तळहात पुढे करायला लावले. दुसऱ्या दिवशी फोकाच्या जागी काठी आली. बोटं तेव्हाची.

मग एका पोराला पकडून आणलं आणि त्यांच्यापुढं उभं केलं. त्या म्हणाल्या, त्या पोराला त्यांनी सगळा पावसाळा भाकरी घातली होती, तोंड ओळखीचं झालं होतं, नाव नाही. फौजदारानं विचारलं, ह्यो कोण? आत्याबाईंनी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "ह्येला म्या कवा बघितलंच न्हाई."

पोराला सोडलं. पुढे काही दिवसांनी त्यांनाही. घरी आल्यावर त्या भाकरीच थापायला बसल्या, कारण दुसरं करणार काय.

"मग तो मुलगा पुढं भेटला का कधी?"

"कसा भेटंल? त्येला तरी माजं नाव कुटं ठाऊक हुतं? करपाय लागली बग, उलट ती."

तो विषय परत निघाला नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या चौकात स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचा काळा चकचकीत दगड बसवायचं ठरलं. कमिटीची माणसं घरी आली. चांगली माणसं होती, मी नावं ठेवणार नाही. त्यांना एवढंच हवं होतं की आजींनी कुणाबरोबर काम केलं ते सांगावं, म्हणजे कुठेतरी मेळ लागेल. पोलिसांच्या दप्तरात आत्याबाईंच्या नावाची नोंद नव्हती. असणार कशी? तिथे होती ती एक नाव न सांगणारी बाई.

"कुणाला भाकरी दिली, एक तरी नाव सांगा, आजी."

"ठाऊक न्हाई."

"मग आमी काय लिवायचं?"

"नगा लिवू."

मी मध्ये पडले, जरा तडकूनच बोलले. यजमान तेव्हा नुकतेच कायमचे घरी आले होते, त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. दगड बसला. त्यावर ज्यांची नावं आहेत त्यातल्या दोघांनी आमच्या मळ्यातल्या भाकरीवर दिवस काढले असणार, असं मला वाटतं. पण वाटण्याला पुरावा नसतो. तरीही दर पंधरा ऑगस्टला जीप यायची. आत्याबाईंना त्या दगडाशेजारी खुर्चीत बसवायचे, शाल पांघरायचे, हातात नारळ द्यायचे, आणि कुणीतरी माइकवरून 'आमच्या मळ्यातल्या आजी' म्हणून टाळ्या मागायचा. आमच्याकडे शालींना तोटा नाही. एक इस्त्रीखाली आहे, एक शिलाईच्या मशीनवर.

त्यातल्याच एका पंधरा ऑगस्टला जीपमधून उतरताना त्यांनी मला विचारलं, "लगीन कुणाचं हुतं गं?" मी हसले. नारळ आणि शाल, तेव्हा लग्नच वाटणार. रात्री पुन्हा त्यांनी तेच विचारलं, तेव्हा हसू आलं नाही.

मग हळूहळू सगळंच गेलं. वार गेला, महिना गेला, जेवलो की नाही ते गेलं. राहिलं काय, तर भाकरी. दुपारी मी जरा आडवी झाले की त्या दुरडीतली भाकरी पदराखाली घ्यायच्या आणि परसातून बांधाकडे चालायला लागायच्या. उसाच्या कडेला ठेवायच्या आणि परत यायच्या, मागे न बघता. कुत्री त्यांच्या पाठोपाठ जायची आणि खाऊन यायची. संध्याकाळी त्या बांधावर भाकरी नाही हे बघून समाधानानं मान हलवायच्या. मी कुत्र्यांना कधी हाकललं नाही.

त्यानंतरच ती सांगलीची फेरी झाली, आणि डॉक्टरांचा सल्ला.

दुसऱ्या दिवसापासून यजमानांनी काम सुरू केलं. चहा झाला की आईच्या कॉटसमोर खुर्ची ओढायची, ताठ बसायचं, आणि विचारायचं. दिवस थंडीचे होते. नदीकाठची थंडी, सकाळी अंगणात दिसत नाही इतकं धुकं. यजमान त्यांचा फौजेतला जुना स्वेटर घालायचे, हिरवट खाकी, खांद्यावर कापडाच्या पट्ट्यांचा. तीस वर्षं झाली तरी उसवला नाही म्हणून त्यांना त्याचा अभिमान.

"आई, तुजं नाव काय?"

गप्प.

"आपलं गाव कुटलं?"

गप्प.

"म्या कोन? सांग. म्या कोन हाय?"

ते रागवायचे नाहीत हं. पण फौजेतला आवाज तो, मऊ करायचा म्हटला तरी किती होणार? स्वयंपाकघरातून ऐकताना मलाच कधीकधी आपलं नाव सांगून टाकावंसं वाटायचं. आत्याबाई भिंतीकडे बघायच्या. जसजसे दिवस गेले तसतशा जास्तच मिटत गेल्या. आधी मला 'चा दे' तरी म्हणायच्या, तेही थांबलं. सकाळी खुर्ची ओढल्याचा आवाज आला की अंग चोरायच्या. माझ्या हातचं खाईनाशा झाल्या. दिलं तर आधी माझ्याकडे, मग ताटाकडे, मग दाराकडे बघायच्या. आजार वाढतोय, असं आम्ही फोनवर मुलांना सांगितलं. यजमानांनी मग संध्याकाळीही एकदा विचारायला सुरुवात केली. औषध लागू पडत नसलं की डोस वाढवायचा, हे त्यांचं शास्त्र.

एके सकाळी मी चहाचे कप उचलायला गेले तेव्हा ते तिसऱ्यांदा विचारत होते, "म्या कोन?" आत्याबाई हळूच कॉटवरून पाय खाली सोडून बसल्या. पदर खोचला. आणि दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून. वळलेली बोटं सरळ करायचा प्रयत्न करत होत्या, ती होत नव्हती.

"मारा," त्या म्हणाल्या. "म्या न्हाई सांगायची."

यजमानांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं आई काहीतरी मागतेय, म्हणून त्यांनी तिचे हात हातात घेतले. तशा त्या डोळे मिटून, दात आवळून बसल्या. मला सगळं एकदम दिसलं. ती खुर्ची, ते ताठ बसणं, तो स्वेटर, आणि नाव काय, गाव कुठलं, हा कोण. आमच्याच घरात, आमच्याच हातानं, रोज सकाळी आम्ही चावडी भरवत होतो.

मी त्यांना बाहेर ओट्यावर नेलं आणि चुलीपुढं ऐकलेलं सगळं सांगितलं. फोक, काठी, तो पोरगा, आणि आत्याबाई त्याच्या डोळ्यांत बघून काय म्हणाल्या तेही. ते ऐकत राहिले. मग स्वेटर काढला, गड्याला देऊन टाकला आणि त्या थंडीत नुसत्या सदऱ्यावर बसून राहिले. म्हणाले, "म्हंजे तिला म्या फौजदार वाटतो." मी नाही म्हणायला हवं होतं.

त्यानंतर त्यांनी तिला काही विचारलं नाही. चहा घेऊन जायचे, शेजारी जमिनीवर बसायचे, चहा संपला की उठायचे. पण ती हाक मारेल म्हणून कान मात्र तिकडेच. मागच्या अंगणात वैरण कापतानाही मध्येच यंत्र बंद करून ऐकायचे.

आत्याबाईंचं खाणं सुटलं तेव्हा गाव भेटायला येऊ लागलं. आणि आमच्याकडे आजारी माणसाला भेटायची एकच रीत आहे. उंबऱ्यातून आत आलं, की पाठीवरून हात फिरवायचा आणि विचारायचं, "म्हातारे, वळखलं का मला?" मायेनंच विचारतात. मी दारातच उभी राहायचे. "काही विचारू नका त्यांना," सगळ्यांना सांगायचे. लोकांना वाटलं, शहरातली सून, सासूला भेटू देत नाही. वाटू दे म्हटलं.

पण मी चोवीस तास दारात थोडीच उभी राहणार? एकदा न्हाणीघरातून येते तर शेजारच्या थोरल्या काकी आत जाऊन बसलेल्या. यजमान कॉटपाशी जमिनीवर. काकींनी आत्याबाईंच्या तोंडाजवळ तोंड नेलं होतं. "आवं, बघा की जरा. ह्यो कोन बसलाय? वळखलं का ह्येला?"

मी "काकी" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. आत्याबाईंनी मान वळवली. कित्येक महिन्यांनी त्यांनी कुणाकडे तरी सरळ बघितलं. यजमानांच्या डोळ्यांत बघितलं, बराच वेळ. ते जागचे हलले नाहीत. मग आत्याबाई स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ह्येला म्या कवा बघितलंच न्हाई."

ते त्यांचं शेवटचं बोलणं. तिसऱ्या दिवशी गेल्या.

मी यजमानांना पुन्हा पुन्हा सांगितलं. अहो, त्यांनी ओळखलं तुम्हाला. जो आपला असतो त्यालाच त्या तसं म्हणायच्या. त्या पोराला वाचवलं तसं तुम्हाला वाचवत होत्या. मी शिक्षिका, मला समजावून सांगता येतं. ते ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "आन् खरंच वळखलं नसंल तर? तवा बी ह्येच म्हणली असती की." मी चांगला अर्थ सांगते तो त्यांच्यासाठी. मला स्वतःला विचाराल तर, एका म्हातारीला समोर एक अनोळखी म्हातारा दिसला, असंच मला वाटतं. पण हे मी त्यांना सांगणार नाही.

दहाव्याच्या आधी चौकातली पोरं श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला आली. फोटो द्या, नाव द्या. फोटो पंधरा ऑगस्टचा होता, शालीतला. नाव मात्र पोरांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं तर यजमान म्हणाले, "नाव नगं." पोरं घुटमळली. "हाडं मोडली तरी सांगितलं न्हाई तिनं," ते म्हणाले. "म्या सांगू व्हय?" शेवटी फ्लेक्सवर वरच्या बाजूला पाच-सहा पुढाऱ्यांचे फोटो, खाली शोकाकुल मंडळींच्या नावांची ही गर्दी, आणि मध्ये 'मळ्यातल्या आजी यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. त्या सबंध फलकावर नाव नसलेलं माणूस एकच.

आठवडाभरानं तो उतरला आणि वाढदिवसाचा दुसरा चढला. उतरलेला फ्लेक्स वाया जात नाही आमच्याकडे, ताडपत्रीपेक्षा बरा पडतो. मळ्याच्या वाटेवर एकानं तो आपल्या कडब्याच्या गंजीवर टाकला, वर दोन दगड ठेवले. आत्याबाईंचं तोंड नेमकं वाटेकडे आलं. मी त्या माणसाला बोलणार होते. यजमान म्हणाले, ऱ्हाऊ दे, पाऊस येतोय, कडबा भिजंल.

परवा आम्ही दोघं त्या वाटेनं चाललो होतो. ऊसतोडीची टोळी आली आहे, त्यातली एक बाई डोक्यावर उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, वाढ्याचा भारा घेऊन गंजीपाशी थांबली होती. ती तिकडची, बीडकडची. फ्लेक्सकडे बघत तिनं सहज विचारलं, "ह्या आजी कोण हो, दादा?"

यजमान थांबले. त्यांनी वर बघितलं, त्या फोटोतल्या डोळ्यांकडे, बराच वेळ. ते काय बोलणार ते मला आधीच कळलं होतं.

"ठाऊक न्हाई, बाई," ते म्हणाले. "हिला म्या कवा बघितलंच न्हाई."

ती बाई भारा सावरून पुढे गेली. ते हे रागानं म्हणाले की आईनं घालून दिलेला नियम पाळून, ते मी त्यांना विचारलं नाही. आम्ही मळ्यात गेलो, त्यांनी मोटर सुरू केली आणि मी पाटाच्या कडेला बसून राहिले.